गिल्गमेश खरोखर होऊन गेला का, आणि त्याचेच नाव का टिकले?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘गावातल्या वाचनालयात सुमेरियन संस्कृतीवर व्याख्यान द्यायचे आहे. काही ठिकाणी गिल्गमेशला ऐतिहासिक राजा म्हटले आहे, कारण त्याच्या शत्रूच्या वडिलांचे नाव कोरलेला दगड सापडला आहे. काही ठिकाणी मात्र तो निव्वळ काव्यातला नायक ठरवला आहे. श्रोत्यांना काय सांगावे? आणि ज्याचा स्वतःचा एकही लेख नाही, त्याची कीर्ती पाच हजार वर्षे अखंड कशी टिकली?’

प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकवणे आणि सुमेरियन व अक्कादी मजकूर वाचणे हे माझे काम आहे, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर नेहमी येतो. यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गिल्गमेश नावाचा माणूस दक्षिण इराकमधल्या प्राचीन उरुक नगरीच्या गादीवर बसला होता का, हा पहिला. आणि त्याचे नाव इतके मोठे का झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसरा सुटत नाही आणि ‘नाही’ आले तरी दुसरा रद्द होत नाही. बहुतेक लिखाणात हे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात उरकलेले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शिवाय प्रश्नातल्या ‘अखंड’ या शब्दालाही माझी हरकत आहे. तिच्याकडे मी शेवटी येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण कोणता पुरावा पुरेसा मानतो यावर अवलंबून आहे. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण राजाच्या हयातीत कोरलेला शिलालेख किंवा ताम्रपट आणि पिढ्यांनंतर लिहिली गेलेली बखर यांचे वजन सारखे नसते, हे आपल्याकडच्या इतिहासलेखनात केव्हाच रुजले आहे. बखर खोटीच असते असे नाही. पण ती कोणी, कोणासाठी आणि किती काळाने लिहिली हे विचारल्याशिवाय तिच्यावर भार टाकता येत नाही. गिल्गमेशविषयी आपल्या हाती जे आहे ते जवळजवळ सगळे बखरीच्या जातीचे आहे. त्याने स्वतः कोरवून घेतलेला लेख, त्याच्या नावाची विटेवरची मुद्रा किंवा त्याच्या कारभाराचा हिशेब, यांपैकी काहीही आजवर मिळालेले नाही.

सर्वांत जास्त वेळा पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे सुमेरियन राजावली. तिची सर्वांत चांगली टिकलेली प्रत ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. सुमारे 20 सेंटिमीटर उंचीचा, चार बाजूंचा भाजलेल्या मातीचा तो स्तंभ असून त्याचा काळ इ. स. पू. 1800 च्या सुमाराचा आहे. चारही बाजूंवर दोन-दोन रकान्यांत बारीक अक्षरात राजांची नावे आणि त्यांची राज्यवर्षे लिहिलेली आहेत. उरुकच्या पहिल्या घराण्यात एन्मेरकार 420 वर्षे, लुगालबंदा 1200 वर्षे, कोळी असलेला दुमुझी 100 वर्षे अशी नोंद येते आणि मग गिल्गमेशची पाळी येते. त्याचा बाप एक पिशाच्चसदृश प्राणी होता, तो कुलाबाचा स्वामी होता आणि त्याने 126 वर्षे राज्य केले, असे तिथे म्हटले आहे. (कुलाबा हा उरुक नगरीचाच एक जुना भाग, मुंबईच्या कुलाब्याशी त्याचा काहीही संबंध नाही. व्याख्यानात हा प्रश्न हमखास येईल, म्हणून आधीच सांगते.) त्याच्यानंतर त्याचा मुलगा उर-नुंगाल याला मात्र 30 वर्षे दिली आहेत, आणि तिथून पुढे त्या घराण्यातले आकडे माणसाच्या आयुष्यात बसू लागतात.

म्हणजे राजावली रचणाऱ्यांच्या मनात गिल्गमेश हा दोन युगांच्या सांध्यावर उभा होता. ही गोष्ट मोलाची आहे. पण ती त्या लेखकांच्या कल्पनेविषयी सांगते, गिल्गमेशच्या काळाविषयी नव्हे. राजावलीचा हेतूही लक्षात घ्यायला हवा. राजपद स्वर्गातून उतरले, ते एका वेळी एकाच नगरीकडे असते आणि फिरत-फिरत ते योग्य घराण्याकडे येते, हे तिला ठसवायचे आहे. प्रत्यक्षात एकाच काळात शेजारी-शेजारी नांदलेल्या घराण्यांना त्यासाठी तिने एकापुढे एक उभे केले. उर या दुसऱ्या सुमेरियन नगरीच्या शुल्गी राजाच्या काळातली राजावलीची एक जुनी प्रत 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नगरांचा क्रम निराळा आहे. किश नगरीचे राजे सलग एका लांब ओळीत येतात. तेव्हा राजावलीतला क्रम हा कालक्रम समजून त्यावर तारखा बेतणे धोक्याचे आहे.

आता प्रश्नात उल्लेखलेल्या दगडाकडे वळू, कारण खरा वाद तिथेच आहे. सुमेरियन भाषेत ‘गिल्गमेश आणि अग्गा’ अशी एक छोटी कथा आहे. तिच्यात किशचा राजा अग्गा उरुकला वेढा घालतो, गिल्गमेश त्याला हरवतो आणि पूर्वी केलेल्या उपकाराची आठवण ठेवून सोडून देतो. या अग्गाला तिथे एन्मेबारागेसीचा मुलगा म्हटले आहे, आणि राजावलीतही किशच्या घराण्यात हे पितापुत्र येतात. बापाला तिथे 900 वर्षे आहेत आणि मुलाला 625. इतक्या अवास्तव आकड्यांमुळे दोघेही काल्पनिक समजले जात. परंतु 1959 मध्ये डिट्झ ओट्टो एड्झार्ड या जर्मन विद्वानाने दगडी भांड्यांच्या दोन तुकड्यांवरचे लेख एकत्र मांडून दाखवून दिले की त्यांच्यावर ‘मेबारागेसी’ म्हणजे एन्मेबारागेसीचेच नाव आहे आणि एकावर ‘किशचा राजा’ अशी पदवीही आहे. लिपीच्या वळणावरून हे लेख फार जुने ठरतात. राजावलीतल्या ज्या राजाच्या स्वतःच्या काळातला लेख हाती आहे असा हा सर्वांत जुना राजा मानला जातो. त्यावरून तर्क असा बांधला गेला की मेबारागेसी खरा, म्हणून त्याचा मुलगा अग्गा खरा, आणि म्हणून अग्गाशी लढलेला गिल्गमेशही खरा. त्याचा काळ इ. स. पू. 2700 ते 2600 च्या दरम्यानचा.

या साखळीची पहिली कडी भक्कम आहे. पुढच्या कड्या मात्र मला तितक्या भक्कम वाटत नाहीत, आणि त्याची कारणे मूळ मजकुरांतच आहेत. शुल्गीच्या एका स्तोत्रात गिल्गमेशचा पराक्रम गायला आहे; तिथे त्याने हरवलेला किशचा राजा अग्गा नसून खुद्द एन्मेबारागेसी आहे. राजावलीच्या एका पाठात एन्मेबारागेसीला पकडण्याचे श्रेय गिल्गमेशला नव्हे, तर त्याच्या आधीच्या दुमुझीला दिले आहे. निप्पूर नगरीतल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची एक नोंदवजा रचना आहे, तिच्यात एन्मेबारागेसी आणि अग्गा यांच्यानंतर उरचे मेसानेपादा आणि त्याचा मुलगा येतात आणि गिल्गमेशचा क्रम त्यांच्याही नंतर लागतो. या सगळ्यावर कडी म्हणजे ‘गिल्गमेश आणि हुवावा’ ही कथा. तिच्यात हुवावा या अरण्याच्या रक्षकाला फसवण्यासाठी गिल्गमेश त्याला सांगतो की माझी थोरली बहीण एन्मेबारागेसी हिला मी तुझी बायको म्हणून आणून देतो. ज्या नावावर गिल्गमेशचा काळ टांगलेला आहे, तेच नाव त्याच परंपरेत एका स्त्रीचे म्हणून येते! कथाकारांच्या हाती जुनी नावे होती, पण त्या नावांची माणसे कोण आणि एकमेकांची कोण लागत होती हे त्यांना ठाऊक नव्हते, किंवा त्याची त्यांना पर्वा नव्हती, असाच याचा अर्थ मी लावते.

मला जास्त विश्वासार्ह वाटणारा पुरावा दिसायला अगदीच रुक्ष आहे. शुरुप्पाक म्हणजे आजचे फारा. तिथे इ. स. पू. 2600 ते 2500 च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत देवतांच्या नावांची एक लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत ‘बिल्गमेस’ हे नाव येते. हे त्याच्या नावाचे जुने सुमेरियन रूप. तिथे कथा नाही, पराक्रम नाही, वर्णनही नाही. फक्त नावांच्या रांगेतले एक नाव आहे. परंतु त्यावरून इतके निश्चित होते की त्या काळापर्यंत तो पूजनीय झाला होता. सुमेरमध्ये मृत राजांना नैवेद्य देण्याची प्रथा होती, आणि उरुकच्या परंपरेत लुगालबंदासारखा दुसरा राजाही देवपदाला गेलेला दिसतो. म्हणून इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या पहिल्या काही शतकांत या नावाचा एक शासक उरुकमध्ये होऊन गेला असावा, हे मला संभवनीय वाटते. यापलीकडे त्याच्या आयुष्यातली एकही घटना मी इतिहास म्हणून सांगणार नाही.

उरुकच्या तटबंदीबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. दक्षिण इराकमधल्या आजच्या वार्का येथे 1912-13 पासून जर्मन उत्खननकार काम करत आले. तिथली तटबंदी सुमारे 9.5 किलोमीटर लांबीची असून तिने साधारण 5.5 चौरस किलोमीटरचे नगर वेढलेले आहे. ती ज्या विटांची आहे त्या खालून सपाट आणि वरून पावासारख्या फुगीर आहेत. ही घडण तिसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धाची खूण मानली जाते. इ. स. पू. 1800 च्या सुमारास उरुकवर राज्य करणाऱ्या अनाम नावाच्या राजाने ही तटबंदी दुरुस्त केली आणि आपल्या लेखात ती ‘गिल्गमेशचे प्राचीन काम’ असल्याचे नमूद केले. म्हणजे तट खरा, त्याचा काळ ढोबळमानाने जुळणारा, आणि तो गिल्गमेशने बांधला अशी नगराची श्रद्धाही जुनी. पण श्रद्धा नोंदवणारा लेख बांधकामाच्या कित्येक शतकांनंतरचा आहे. ‘गिल्गमेशची समाधी सापडली’ अशा 2003 मधल्या बातम्या आजही फिरत असतात. ते जमिनीखालच्या अवशेषांचे चुंबकीय सर्वेक्षण होते. समाधी उकरून काढलेली नाही आणि त्याच्या नावाचा लेखही मिळालेला नाही. व्याख्यानात ही बातमी वापरू नये.

इथवरचे एका वाक्यात सांगायचे तर, व्यक्ती संभवनीय आहे, काळ ढोबळ आहे आणि चरित्र हाती नाही. आता दुसरा प्रश्न, जो माझ्या मते अधिक मोलाचा आहे.

ज्यांचे लेख भरपूर आहेत अशा राजांकडे आधी पाहू. लगाशच्या एआनातुमने उम्मा नगरीवरच्या विजयाचा मोठा शिलापट उभारला. त्यावर ढालींची भिंत करून चालणारे सैनिक आहेत आणि शत्रूंची मुंडकी चोचीत धरून उडणारी गिधाडे आहेत. त्याचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत, आणि त्यावरच्या लेखातून सीमेचा, पाण्याचा, शपथांचा इतका तपशील मिळतो की गिल्गमेशबद्दल त्याचा शतांशही आपल्याला ठाऊक नाही. तरीही एआनातुम पुढच्या मेसोपोटेमियन साहित्यात कुठे नाही. राजावलीतसुद्धा लगाशच्या घराण्याला जागा मिळाली नाही. उरच्या मेसानेपादाचीही गत फारशी वेगळी नाही. त्याच्या काळातले कोरीव पुरावे आहेत, राजावलीत नाव आहे, पण त्याच्याभोवती एकही कथा नाही. लेख कोरवून घेतल्याने कीर्ती राहते असे त्या राजांना वाटत होते. प्रत्यक्षात पुढच्या पिढ्यांना ज्याचा काही उपयोग होता त्याचेच नाव त्या घेत राहिल्या. गिल्गमेशचा उपयोग एकामागून एक इतक्या वेगवेगळ्या लोकांना झाला, यातच त्याच्या कीर्तीचे उत्तर आहे.

पहिला उपयोग मृतांच्या कर्मकांडात झाला. लगाशच्या कारभाराच्या जुन्या हिशेबांत पितरांना द्यायच्या नैवेद्याच्या संदर्भात ‘गिल्गमेशचा काठ’ अशा नावाच्या स्थळाचा उल्लेख येतो. पुढे तो पाताळातला न्यायाधीश मानला जाऊ लागला. ‘गिल्गमेशचा मृत्यू’ या सुमेरियन रचनेत आजारी पडलेल्या राजाला स्वप्नात देवसभा दिसते आणि तिथे निर्णय होतो की आई देवी असली तरी त्याला मरण चुकणार नाही, पण खालच्या जगात तो मृतांचा न्याय करील. मग फरात (युफ्रेटिस) नदीचा प्रवाह वळवून तिच्या पात्रात त्याची दगडी समाधी बांधली जाते.

दुसरा उपयोग राजकारणाचा, आणि कीर्तीला खरी गती इथे मिळाली. इ. स. पू. 2100 च्या सुमारास उरुकच्या उतुहेगालने गुती लोकांना हाकलले, तेव्हा आपल्या लेखात त्याने निन्सून देवीचा पुत्र गिल्गमेश आपला पाठीराखा म्हणून नेमला गेल्याचे सांगितले. त्याच्यामागून आलेल्या उर-नम्मूने उरमध्ये नवे घराणे स्थापले. या घराण्याने निन्सून देवीला आपली माता मानले, आणि त्यामुळे गिल्गमेश आपोआप त्यांचा भाऊ झाला. उर-नम्मूच्या मृत्यूवरच्या काव्यात तो पाताळात गिल्गमेशला भेटी अर्पण करतो आणि त्याच्या शेजारी बसून न्यायदान करतो. त्याचा मुलगा शुल्गी याने 48 वर्षे राज्य केले. आपल्या स्तोत्रांत तो गिल्गमेशला भाऊ आणि मित्र म्हणवून घेतो. नव्याने उभारलेल्या राज्याला जुने कूळ हवे होते, आणि उरुकचा देवपदाला पोचलेला राजा त्यासाठी अगदी योग्य होता. आपल्याकडे येऊन पोचलेल्या सुमेरियन गिल्गमेश-कथांना त्यांचे रूप बहुधा याच दरबारात मिळाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते.

तरीही नुसत्या राजाश्रयावर नाव टिकले नसते, कारण उरचे ते राज्य इ. स. पू. 2004 च्या सुमारास कोसळले. कथा वाचल्या त्या पाठशाळांमुळे. शुल्गीने उर आणि निप्पूर येथे विद्यालये चालवल्याचे अभिमानाने सांगितले आहे. त्यानंतर तीन शतकांनी निप्पूरमध्ये एका लहानशा घरात अशीच एक शाळा भरत होती. 1951-52 च्या उत्खननात सापडलेल्या या घराला अभ्यासक ‘घर एफ’ म्हणतात. त्यातून पाट्यांचे 1400 हून अधिक तुकडे मिळाले. त्यांतले कित्येक भिंतींत आणि बसायच्या ओट्यांत भराव म्हणून घातलेले होते. अंगणात डांबराने लिंपलेले एक कुंड होते, ज्यात जुन्या पाट्या भिजवून त्यांची माती पुन्हा मळली जाई. मुले आधी चिन्हे गिरवीत, मग नामांच्या याद्या, मग म्हणी, आणि त्यानंतर दहा ठरावीक काव्यांचा संच त्यांच्याकडून उतरवून घेतला जाई. त्या दहांत ‘गिल्गमेश आणि हुवावा’ आहे. त्या मुलांची मातृभाषा सुमेरियन राहिली नव्हती. बोलण्यातून ती गेली होती आणि फक्त विद्येची भाषा म्हणून उरली होती. अशा पाट्या वाचताना एकच ओळ दोन मुलांनी दोन प्रकारे चुकवलेली दिसते, तेव्हा मला नेहमी जाणवते की आपल्याला उपलब्ध असलेला सुमेरियन गिल्गमेश आपण जवळजवळ संपूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातून ओळखतो. व्याख्यानात एकच तपशील सविस्तर सांगायचा असेल तर तो या घराचा सांगावा, असे मी सुचवीन.

याच सुमारास, तेव्हा बोलल्या जाणाऱ्या अक्कादी भाषेत काहीतरी नवे घडले. सुमेरियनमध्ये सुट्या पाच कथा होत्या: अग्गाची, हुवावाची, स्वर्गीय वृषभाची, पाताळाची आणि मृत्यूची. एका अज्ञात कवीने त्यांतल्या काही घेऊन एक सलग काव्य रचले आणि एन्किडूचे नाते बदलले. सुमेरियन कथांत एन्किडू बहुधा राजाचा सेवक आहे. नव्या काव्यात तो रानात वाढलेला, राजाच्या तोडीचा मित्र झाला. म्हणून त्याचा मृत्यू राजाला असह्य होतो आणि तो अमरत्वाच्या शोधात निघतो. समुद्राकाठी भेटलेली मद्यगृह चालवणारी बाई त्याला सांगते की देवांनी माणूस घडवला तेव्हा मरण त्याच्या वाट्याला ठेवले आणि जीवन स्वतःच्या हाती राखले. तेव्हा पोटभर जेव, स्वच्छ कपडे घाल, हात धरणाऱ्या लेकराकडे पाहा. एका पराक्रमी राजाच्या स्तुतीतून हरलेल्या माणसाची कथा तयार झाली. उरच्या राजांना जो गिल्गमेश हवा होता तो हा नव्हे. पण घराण्याशी, नगराशी, भाषेशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही आपला वाटेल असा हाच आहे, आणि म्हणूनच काव्य सीमा ओलांडू शकले. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात त्याचे तुकडे अनातोलियातल्या हत्तुशात, सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये आणि आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दोत मिळतात. हिटाइट आणि हुरी या तिकडच्या भाषांतही त्याची रूपांतरे झाली.

आज जे महाकाव्य आपण वाचतो ते सिन-लेकी-उन्निन्नी या विद्वानाच्या नावावर असलेले, बारा पाट्यांचे आणि सुमारे तीन हजार ओळींचे संस्करण आहे. त्याची सुरुवात पराक्रमाने होत नाही. वाचकाला उरुकच्या तटावर चढून विटा तपासायला सांगितले जाते, पाया सात ऋषींनी घातला नाही का असे विचारले जाते, आणि नगराचे माप सांगितले जाते: एक भाग वस्ती, एक भाग खजुराच्या बागा, एक भाग मातीच्या खाणी आणि अर्धा भाग इश्तारचे मंदिर. अकराव्या पाटीच्या शेवटी, तारुण्य देणारी वनस्पती सापाने पळवल्यानंतर, रिकाम्या हाताने परतलेला गिल्गमेश नावाड्याला तटाविषयी याच ओळी ऐकवतो. अनामच्या लेखातली नगराची जुनी श्रद्धा इथे काव्याचा कणा झाली आहे. या संस्करणातही अजून भर पडते आहे. इराकमधल्या सुलेमानिया संग्रहालयाने 2011 मध्ये घेतलेल्या एका पाटीतून पाचव्या पाटीतल्या हरवलेल्या ओळी मिळाल्या आणि 2014 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. देवदारांच्या अरण्यातली माकडे, पक्ष्यांचा गजर, आणि वन उजाड केल्याची एन्किडूची खंत त्यांत आहे.

काव्याबाहेरही नाव चालत होते, हे बहुतेक जण विसरतात. यकृतावरून शकुन पाहणाऱ्यांच्या ग्रंथांत ‘ज्याला प्रतिस्पर्धी नव्हता त्या गिल्गमेशचा’ शकुन येतो. मेसोपोटेमियन पंचांगातल्या आबू महिन्यात त्याच्या नावाने नऊ दिवस तरुणांच्या कुस्त्या लागत. आजच्या तुर्कस्तानातल्या सुलतानतेपे येथे त्याच्या नावाने रचलेले एक पत्र मिळाले, ज्यात तो दुसऱ्या राजाकडे अचाट प्रमाणात मालमत्ता मागतो. आणि खुद्द उरुकमध्ये, ग्रीक सेल्युकिड राजांच्या अमलात, इ. स. पू. 165 मध्ये लिहिलेल्या राजे आणि विद्वानांच्या यादीत सिन-लेकी-उन्निन्नीला गिल्गमेशच्याच दरबारातला पंडित ठरवले आहे. त्या नगरातली विद्वान घराणी आपला वंश सिन-लेकी-उन्निन्नीपर्यंत नेत असत. नगराच्या आद्य राजाशी नाते जोडण्यात त्यांचाही मान होता.

आता ‘अखंड’विषयीची हरकत. महाकाव्याच्या शेवटच्या ज्ञात प्रतींपैकी एक इ. स. पू. 130 च्या सुमाराची आहे. त्यानंतर कीलाकार लिपी वाचणारेच संपले आणि तिच्याबरोबर गिल्गमेशही गेला. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे मिळालेल्या एका अरामी रचनेत राक्षसांच्या नावांत त्याचे आणि हुंबाबाचे, म्हणजे हुवावाचे, नाव येते. इसवी सन 200 च्या सुमारास एलियन हा रोमन लेखक ‘गिल्गमोस’ नावाच्या बाळाची कथा सांगतो, ज्याला किल्ल्यावरून खाली फेकले असता गरुडाने झेलले. त्या कथेत उरुक नाही, एन्किडू नाही, मृत्यूची भीती नाही. असे काही तुटक उल्लेख सोडले तर जवळजवळ दोन हजार वर्षे त्याला कोणी ओळखत नव्हते. होमरची किंवा महाभारताची परंपरा जशी पिढ्यान्‌पिढ्या वाचली-गायली गेली, तसे इथे झाले नाही, आणि ही तुलना व्याख्यानात टाळलेली बरी.

पुनरागमनाची हकिकत प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगते. असीरियाची राजधानी निनेव्हे इ. स. पू. 612 मध्ये जळाली, तेव्हा तिथल्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या पाट्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रज उत्खननकार लेयार्ड आणि मोसुलचा होर्मुझ्द रस्साम यांनी त्या बाहेर काढून लंडनला पाठवल्या. तिथे जॉर्ज स्मिथने 3 डिसेंबर 1872 रोजी त्यांतली महापुराची कथा जाहीरपणे वाचून दाखवली. पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. खळबळ झाली ती बायबलमधल्या नोहाशी असलेल्या साम्यामुळे, गिल्गमेशमुळे नव्हे. पुराची कथा मुळात त्याची नाहीच. ती स्वतंत्रपणे सांगितली जात होती आणि महाकाव्यात ती अकराव्या पाटीत आणून बसवलेली आहे. स्मिथने नायकाचे नाव ‘इझ्दुबार’ असे वाचले होते. 1890 मध्ये थिओफिलस पिंचेसने योग्य उच्चार दाखवून दिला, आणि मगच हे नाव आपल्या ओठांवर आले.

तेव्हा श्रोत्यांना काय सांगावे, याचे माझे उत्तर असे. ‘गिल्गमेश हा इ. स. पू. 2700 मधला उरुकचा राजा होता’ हे वाक्य वापरू नये. ‘उरुकमध्ये तिसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात या नावाचा राजा होऊन गेला असावा, त्याच्या हयातीतला पुरावा उपलब्ध नाही, इ. स. पू. 2500 पर्यंत तो देव म्हणून पूजला जात होता’ असे म्हणावे. मेबारागेसीच्या दगडाचा उल्लेख अवश्य करावा, पण त्याच दमात ‘थोरली बहीण एन्मेबारागेसी’ हा प्रसंगही सांगावा, म्हणजे अभ्यासकांचे एकमत का होत नाही ते ऐकणाऱ्याला स्वतःच दिसेल. तास-दीड तासाचे व्याख्यान असेल तर यावर पाव भागापेक्षा जास्त वेळ देऊ नये. उरलेला वेळ शुल्गीला, निप्पूरच्या त्या घराला आणि पहिल्या व अकराव्या पाटीतल्या तटबंदीच्या ओळींना द्यावा, आणि शक्य असेल तर त्या ओळी मराठीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात.